माथेरानचा हिशेब

आमच्या घरातल्या चुलत-आते भावंडांच्या पिढीला उन्हाळ्याची सुट्टी म्हटलं की दोनच ठिकाणं ठाऊक होती. एक गाव आणि दुसरं माथेरान. गावाला जाणं हे कर्तव्य होतं. तिथे कुळाचार असत, आंब्यांच्या वाटण्या असत आणि त्या वाटण्यांवरून मोठ्यांची कुजबुज असे. माथेरान ही निव्वळ चैन होती, आणि आमच्या घरात चैन करायची तर तिला सबळ कारण लागे. ते कारण आजोबांच्या दम्याने पुरवलं. 'हवापालट करा,' असं गिरगावातल्या आमच्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं आणि आप्पांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, ते मनावर घेतलं. पुढे आजोबा गेले, त्यांच्याबरोबर दमाही गेला, पण हवापालट चालूच राहिला.

तयारी आठवडाभर आधी सुरू होई. होल्डॉल गच्चीत उन्हाला पडे. स्टोव्हच्या पिना आणि वायसर तपासून डब्यात जात. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सांडगी मिरच्या, लोणच्याची बरणी, तांदूळ, डाळ, सगळं घरून. हॉटेलात उतरायचा विचारही कुणाच्या डोक्यात येत नसे. बाजारापासून जरा आत, एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या आप्पा दरसाल भाड्याने घेत. मालक मुंबईला असत, राखणदार किल्ली देई. त्या दोन खोल्यांत आजी, काकू, आई, आत्या आणि आम्ही सगळी पोरं सतरंज्या टाकून ओळीने झोपत असू. बाप्ये व्हरांड्यात. रात्री कुणाचा तरी पाय कुणाच्या तरी तोंडावर आला की भांडण सुरू होई आणि आजी अंधारातूनच सगळ्यांना एकत्र शिव्या घाली. न्याय करत बसायला तिला वेळ नसे.

नेरळला उतरलं की खरी शर्यत. समोरच्या छोट्या फलाटावर छोट्या गाडीच्या तिकिटांची रांग, आणि त्या रांगेत पुढे धाडायला घरातला सर्वांत लुकडा मुलगा निवडला जाई. गाडी कधी वाफेच्या इंजिनाची, कधी डिझेलची. ती वळणं घेत चढू लागली की आप्पांचा इतिहास सुरू होई. 1850 साली ह्यू मॅलेट नावाचा ठाण्याचा कलेक्टर चौकच्या बाजूने हा डोंगर चढून वर आला आणि त्याला इथली हवा आवडली. पुढे आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पदरचा पैसा घालून दोन फुटी रुळांची ही गाडी वर आणली आणि 1907 साली ती सुरू झाली. मॅलेट साहेब यायच्या कितीतरी आधीपासून या डोंगराच्या अंगाखांद्यावर धनगर, ठाकर आणि कातकरी राहत होते, ही गोष्ट आप्पांच्या इतिहासात नसे. ती त्यांच्या शाळेच्या पुस्तकांतही नव्हती आणि आमच्याही नव्हती.

जुम्मापट्टी आलं की थोरली मुलं गाडीतून उतरून शेजारून चालू लागत. गाडी इतकी हळू की चालणाऱ्याला तिचा कंटाळा यावा. वॉटर पाइप स्टेशनवर लिंबू सरबत. मधल्या बोगद्यात शिरताना सगळ्यांनी मिळून ओरडायचं आणि आपला आवाज परत ऐकायच्या आत बोगदा संपायचा. अमन लॉज आलं की हवा बदलली, असं काकू जाहीर करी. ती खरंच बदललेली असे. मुंबईच्या मे महिन्यातून आलेल्या माणसाला तो फरक नाकाने कळतो.

माथेरानच्या स्टेशनावर उतरलं की हमालिणी पुढे येत. लुगड्याचा काचा मारलेला, डोक्यावर चुंबळ. आमची लोखंडी ट्रंक उचलायला आप्पांना आणि एका काकांना मिळून जोर लावावा लागे. ती ट्रंक आणि तिच्यावर होल्डॉल घेऊन एक बाई आमच्या पुढे निघून जाई. आम्ही मोकळ्या हातांनी मागे धापा टाकत. बाईचं वय काय, ती राहते कुठे, दिवसाला अशा किती ट्रंका उचलते, असले प्रश्न तेव्हा कुणी विचारत नसे. 'सावकाश, बरणी आहे त्यात,' एवढंच काकू म्हणे.

आजीचे गुडघे दुखरे होते, म्हणून तिच्यासाठी हातरिक्षा ठरवली जाई. माथेरानची हातरिक्षा ज्याने पाहिली नसेल त्याच्यासाठी सांगायला हवं. दोन मोठी चाकं, वर छत, बसायला गादीची सीट. पुढे दोन दांड्यांमध्ये एक माणूस उभा राहून ओढे आणि चढावर दोघे जण मागून रेटत. उतारावर तेच दोघे मागे ओणवे होऊन रिक्षा रोखून धरत. म्हणजे पन्नास किलोच्या आजीला तीन माणसं लागत.

एका चढणीवर आजीने रिक्षा थांबवायला सांगितली. पुढच्या माणसाच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता आणि तांबड्या धुळीत त्याचे ओघळ उमटले होते, ते ती बराच वेळ बघत होती. 'उतरवा मला,' ती म्हणाली. 'एवढी चढण मी जाते चालत.' पुढच्याने दांडे खाली न ठेवताच मान वळवली. 'बसा आजी. तुम्ही उतरून चालाया लागलात तर मागचं लोक पन चालाया लागतील. मग आमी काय करायचं?' आजी गप्प बसली. पुढच्या वळणावर तिने कनवटीला हात घालून काही नाणी काढली आणि रिक्षा थांबेपर्यंत मुठीत धरून ठेवली. खोलीवर आल्यावर ठरलेल्या भाड्यावर ती त्याच्या हातात ठेवली. आप्पांना ते आवडलं नाही. 'अशाने हे लोक भाव वाढवतात,' असं ते म्हणाले.

आमच्यापैकी जे त्या वेळी रिक्षाच्या बाजूने चालत होते त्यांना हा संवाद आजही शब्दशः आठवतो, आणि प्रत्येक जण त्याचा वेगळा अर्थ लावतो. ताई म्हणते, आजीला लाज वाटली. दादा म्हणतो, त्या माणसाला आजीची दया नको होती, गिऱ्हाईक हवं होतं. दोन्ही खरं आहे, आणि पर्यटनाच्या धंद्याबद्दल आज मोठमोठ्या परिसंवादांत जे बोललं जातं त्यातलं निम्मं या एका चढणीवर बोलून झालं होतं. ज्या कामात माणसाची मान खाली जाते तेच काम त्याची चूल पेटवत असेल, तर भल्या माणसाने काय करायचं? बसायचं की उतरायचं?

खोलीवर पोचल्यावर रिक्षावाल्यांना चहा मिळे. तीन कप, कानतुटके. ते कप वेगळे होते. घरून निघतानाच काकू ते वेगळ्या फडक्यात बांधून घेई आणि मुक्कामभर ते मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर पालथे असत. चहा पिऊन झाला की ज्याचा कप त्यानेच विसळून ठेवायचा. रिक्षावाले व्हरांड्याची पायरी चढत नसत. त्यांना कुणी चढू नका असं म्हटलेलं आमच्या कानावर आलं नाही. म्हणायची गरजच पडत नसावी. 'आमच्या वेळी पाहुणे आणि गावकरी यांच्यात आपुलकी होती' असं वाक्य हल्ली भावंडांपैकी कुणी सुरू केलं की ते कप दुसऱ्या कुणाला तरी आठवतात आणि वाक्य अर्ध्यावर राहतं.

घोड्याची फेरी शेवटच्या दिवशी, प्रत्येकी एकच. आप्पांचा नियम. घोडेवाल्याचा मुलगा लगाम धरून शेजारून पळे. तो आमच्यातल्या मधल्या भावाच्याच वयाचा, अनवाणी. भाऊ घोड्यावर बसून टाचा मारायचा अभिनय करी आणि हा मुलगा खालून घोड्याशी बोलत त्याला खरा चालवे. कुठल्या वळणावर घोडा बिचकतो, कुठल्या झाडाखाली माकडं आहेत, सगळं त्याला पाठ. 'कितवीत आहेस?' असं भावाने वरून विचारलं. 'पावसात जातो शाळंत,' तो म्हणाला. पावसाळ्यात माथेरान बंद, म्हणजे शाळा चालू. सुट्टी या गोष्टीची त्याची आणि आमची पंचांगं उलटी होती.

आप्पा हिशेबाची वही ठेवत. ती आजही पुण्याला दादाच्या कपाटात आहे. निळ्या शाईत, पोस्टातल्या माणसाच्या रेखीव अक्षरात: खोलीभाडे, दूध, रॉकेल, रिक्षा (आई), हमाली, घोडा, चिक्की, चपला, चहा (इतर). दादाने मध्ये त्या पानांचे फोटो भावंडांच्या ग्रुपवर टाकले तेव्हा बहुतेकांनी भाव बघून हळहळ केली. धाकट्या बहिणीने वेगळंच वाचलं. तिने लिहिलं, 'चिक्कीचा आकडा हमालीपेक्षा मोठा आहे, बघितलंत का?' चिक्की आणि चामड्याच्या चपला हे माथेरानहून आणायचंच असतं, चाळीत वाटायचं असतं. हमालीवर मात्र घासाघीस व्हायची. आमची ती स्वस्त आणि मस्त सुट्टी स्वस्त का पडत होती, याचा उलगडा त्या दोन ओळींत आहे.

एवढं लिहून ठेवलं म्हणून त्या सुट्टीचं सुख खोटं होतं असं नाही. सकाळी उठून दाट जांभळीच्या आणि हिरड्याच्या सावलीतून पॅनोरमा पॉइंटला चालत जायचं, सूर्य वर आला की परत. दुपारी पत्ते. संध्याकाळी शार्लट लेकच्या काठाने पिसरनाथाला जाऊन आजीचा नमस्कार, मग एको पॉइंटला आपापल्या नावाने हाका. वाटेत पायथ्याच्या वाड्यांमधल्या बायका पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं विकायला बसलेल्या असत. रात्री अंगणात भेंड्या. सगळ्या मुलांचे पाय गुडघ्यापर्यंत तांबडे, पांढरे मोजे कायमचे विटकरी; ती जांभ्याची धूळ मुंबईच्या साबणाला दाद देत नसे. आणि मोठ्यांनी पोरांना मोकळं सोडलेलं. रस्त्यावर जा, खेळा, हरवा. माथेरानच्या रस्त्यावर मुलाला धडक द्यायला काही नव्हतंच. रुग्णवाहिका सोडली तर मोटार वर येऊ शकत नसे. आमच्यातल्या प्रत्येकाला एकट्याने वाट शोधायची सवय इथेच लागली. हा ठेवा फार मोठा होता, आणि तो आम्हाला मिळाला तो त्या गावाने मोटार नाकारली म्हणून.

हे नाकारणं मात्र फुकट होत नव्हतं. मोटार नाही म्हणजे गॅसचं सिलिंडर घोड्याच्या पाठीवर येणार, दुधाचे कॅन माणसाच्या डोक्यावर येणार आणि गरोदर बाई कळा सोसत वाट बघणार. आम्हाला जी शांतता हवापालट म्हणून मिळे, ती गावात बारमाही राहणाऱ्या चार-साडेचार हजार माणसांना रोजची पायपीट म्हणून मिळे.

पुढे आमची लग्नं झाली, चाळीतली जागा विकली गेली, मंडळी डोंबिवली, पुणे, बडोदा, कॅलिफोर्निया अशी पांगली. माथेरानही बदललं. नेरळहून टॅक्स्या माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापर्यंत सरसर जाऊ लागल्या आणि मुक्कामाचं गाव हळूहळू एक दिवसाच्या सहलीचं गाव झालं. सकाळी यायचं, फोटो काढायचे, मक्याचं कणीस खायचं, संध्याकाळी परत. 2003 मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. 2005 च्या जुलैतल्या प्रलयात छोट्या गाडीचे रूळ वाहून गेले, ते दोन वर्षांनी जोडले गेले. 2019 च्या पावसात पुन्हा तेच, आणि नेरळहून वर जाणारी गाडी 2022 च्या ऑक्टोबरात परत सुरू झाली. मधल्या काळात आमच्यापैकी कुणी मुलांना घेऊन गेलं की परत आल्यावर तक्रारींचा पाढा ठरलेला: दस्तुरीला गाडीतून पाय खाली ठेवायच्या आत घोडेवाले आणि दलाल अंगावर येतात, 'पुढे रस्ता नाही, घोडाच करावा लागेल' असं सांगतात, दरीच्या कडेला बाटल्या, माकडांनी हातातली वेफर्सची पिशवी ओढली. माकडांना वेफर्स खायला कुणी शिकवलं, या प्रश्नावर मात्र पाढा थांबे.

मग 2025 चा ऑगस्ट आला. सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढावं ही प्रथा माणुसकीला धरून नाही, स्वातंत्र्य मिळून 78 वर्षं झाल्यावर ती चालू राहणं शोभत नाही, असं तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने म्हटलं. सायकलरिक्षावाल्यांच्या बाबतीत 45 वर्षांपूर्वी याच न्यायालयाने दिलेल्या निकालाचीही आठवण काढली. गुजरातेत केवडियाला ई-रिक्षांची जशी योजना आहे तशी इथे आखा, खऱ्या हातरिक्षावाल्यांनाच ई-रिक्षा भाड्याने चालवायला द्या आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नका, असंही बजावलं. परवाना असलेल्या हातरिक्षा तेव्हा 94 होत्या. ई-रिक्षांसाठी वर्षानुवर्षं झगडले ते रिक्षावालेच. 2022 च्या डिसेंबरात प्रायोगिक ई-रिक्षा धावल्या तेव्हा शाळेची मुलं आणि म्हातारी माणसं त्यांत सर्वांत आधी बसली.

ग्रुपवर ही बातमी आली त्याच दिवशी ताईने जुना फोटो टाकला. काकांनी आग्फा क्लिक थ्रीने काढलेला. आजी रिक्षात बसलेली, नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, डोळे उन्हाने बारीक केलेले. खाली अल्बमच्या काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने लिहिलंय: 'ती. आई, माथेरान.' फोटोच्या डाव्या कडेला लाकडी दांड्याचं टोक, त्यावर एका हाताची मूठ आणि कोपर. बाकीचा माणूस चौकटीबाहेर. काकांना तो फोटोत नको होता असं नाही; काकांनी आजीचा फोटो काढला होता, एवढंच. माझ्या भाचीने खाली विचारलं, 'हा कोण?' आमच्या पिढीतल्या एकालाही त्या माणसाचं नाव सांगता आलं नाही. आजीला माहीत असणार. ती प्रत्येकाला नाव आणि वाडी विचारत असे.

त्यावर भावंडांत जी जुंपली ती दोन दिवस चालली. ताईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. तिचं म्हणणं सरळ होतं: घोड्यावर मला बसता येत नाही, माणसाने ओढलेल्या रिक्षात मी बसणार नाही आणि दस्तुरीहून चालत जाणं जमणार नाही. ई-रिक्षा नको म्हणणाऱ्यांनी मग उघड सांगावं की माथेरान फक्त तरण्यांसाठी आहे. दादाचा पवित्रा उलटा. आज बॅटरीची रिक्षा येईल, उद्या तिच्यासाठी रस्ता रुंद होईल, परवा एखाद्या बड्या हॉटेलाची बॅटरीवरची मोटार येईल. आणि एकदा चाक आत शिरलं की महाबळेश्वरला मे महिन्यात गाड्यांची जी रांग लागते ती इथे लागायला कितीसा वेळ? बडोद्याचा आतेभाऊ म्हणाला, तुम्ही दोघं आपापल्या पायांचं बोलताय, घोडेवाल्यांचं काय? परवानाधारक घोडे चारशेच्या वर आहेत. एका घोड्यामागे एक घर. ई-रिक्षा आली की त्याचं गिऱ्हाईक गेलं, आणि ज्याला गिऱ्हाईक नाही तो घोड्याला काय खायला घालणार? घोड्याचे हाल होतात म्हणून हळहळणारी माणसं त्याच्या चंदीचा विचार करत नाहीत.

तिघांचंही म्हणणं खरं होतं म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. माथेरानला आज चांगली गोष्ट दुसऱ्या चांगल्या गोष्टीच्या आड येते. रस्त्याचंच घ्या. तांबडी माती दर पावसात वाहून जाते, झाडांची मुळं उघडी पडतात, म्हणून पेव्हर ब्लॉक घातले. त्यांवर घोड्यांचे नाल घसरतात आणि पाणी मुरत नाही, अशी घोडेवाल्यांची आणि पर्यावरणवाल्यांची ओरड. पण ब्लॉक नसतील तर ई-रिक्षा चिखलात रुतणार. न्यायालयाने मधला मार्ग काढला: दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नकोत. आमच्या मोज्यांना लागलेली ती धूळ आता अशी कोर्टाच्या हुकमाने राखावी लागते.

पाण्याचंही तसंच. आमच्या खोल्यांना सकाळी थोडा वेळ पाणी येई आणि दोन पोरांत एक बादली मिळे. कुणी जास्त मागितलं तर आजी म्हणे, 'पाणी काय पाय असल्यासारखं चालत येतं का डोंगरावर?' शार्लट लेकचं पाणी पुरत नाही म्हणून खालून नेरळकडून पंपाने पाणी वर चढवावं लागतं. आता वर पोहण्याचे तलाव असलेली रिसॉर्टं आहेत. त्याच डोंगराच्या उतारावरच्या वाड्यांतल्या बायका उन्हाळ्यात हंडा घेऊन पाण्यामागे फिरतात आणि त्यांच्याच घरची माणसं रोज वर चढून येऊन त्या रिसॉर्टांतल्या चादरी बदलतात. पाहुण्याने पैसे मोजले आहेत, तेव्हा त्याने दोनदा आंघोळ केली तर बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. पण पैसे त्याने हॉटेलला मोजलेले असतात. वाडीचं पाणी त्या बिलात कुठल्या ओळीत धरलेलं असतं?

हा पेच एकट्या माथेरानचा नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या दिवसांत दररोज तीन हजारांच्या वर माणसं सोडायची नाहीत असं ठरवावं लागलं, कारण फुलं बघायला आलेले लोक फुलांवरच बसू लागले. उटी आणि कोडाईकनालला 2024 च्या मे महिन्यापासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने गाड्यांना ई-पास लागतो. त्याच वर्षी व्हेनिसने एका दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांवर गर्दीच्या दिवसांत पाच युरो शुल्क लावलं. कॅलिफोर्नियाच्या बहिणीने याला हरकत घेतली. शुल्क वाढवलं की श्रीमंत येतात आणि आपल्यासारखे, घरून मेतकूट घेऊन जाणारे, बाहेर राहतात. आकडा बांधून दिला तर आधी नंबर लावणाऱ्याला फायदा, आणि नंबर लावायला ज्याच्याकडे फोन आणि सवड आहे तोच पुढे. तिचं म्हणणं असं की डोंगर वाचवायचा तर मर्यादा हवीच, पण ती मर्यादा कुणाच्या खिशावर घालताय हे उघडपणे सांगा.

आमच्या पिढीपुरतं बोलायचं तर 'पूर्वीचं माथेरान राहिलं नाही' हे गाऱ्हाणं आता आम्ही बंद केलं आहे. पूर्वीचं माथेरान आमच्यासाठी सुंदर होतं, कारण त्याचा भार कुणी उचलला ते आमच्या फोटोत मावत नव्हतं. आता तो भार दिसतो. घोडेवाला बंद पुकारतो, रिक्षावाला कोर्टात जातो, वाडीतली माणसं रस्ता मागतात, आणि पाहुण्यांना वाटतं की जागेची मजा गेली. मजा गेली असेल. पण जे लोक पूर्वी चौकटीबाहेर होते ते आत आले आहेत, आणि ज्याच्या दारात आपण हवा खायला जातो त्याचं म्हणणं ऐकणं हा त्या हवेचा वाजवी भाव आहे. म्हणून ई-रिक्षा आली याचा आनंद मानतानाही एक गोष्ट बघत राहायला हवी: तिची किल्ली कुणाच्या कमरेला आहे? ज्याने दांडे ओढले त्याच्या, की ज्याने भांडवल घातलं त्याच्या? निकाल कागदावर रिक्षावाल्याच्या बाजूने आहे. अंमल बघायला आपणच जायला हवं, पाहुणे म्हणून.

हे सगळं दोन दिवस लिहून झाल्यावर भाचीने ग्रुपवर विचारलं, 'मग सगळ्यांनी मिळून जायचं की नाही?' तोवर ताईने अटी लिहायला घेतल्या होत्या. एका दिवसाची पळापळ नको, निदान दोन रात्री राहायचं, म्हणजे गावात चार पैसे राहतील. नेरळहून छोट्या गाडीने वर जायचं. पाण्याच्या बाटल्या घरून नेऊन भरून घ्यायच्या. हमालीवर घासाघीस करायची नाही. करायचीच असेल तर चिक्कीवर करा. माकडांना काहीही द्यायचं नाही, कितीही गोड दिसली तरी. ई-रिक्षात बसायच्या आधी चालवणाऱ्याला त्याचं नाव आणि वाडी विचारायची. दादाला शेवटच्या अटीवर काही म्हणायचं होतं. तो बराच वेळ टाइप करत होता. मग एवढंच लिहिलं, 'मान्य. पण शनिवार-रविवार सोडून.'